पांढऱ्या पाट्या, नग ४०: जून ते डिसेंबर

नाशिकच्या शालिमारजवळच्या एका घाऊक स्टेशनरीवाल्याकडून जूनमध्ये मी ४० छोटे व्हाइटबोर्ड घेतले. ए-फोर कागदाएवढे, मागे एमडीएफची फळी, पुढे चकचकीत पांढरा थर, कडेला निळी प्लॅस्टिकची पट्टी. ७० रुपये नग. सोबत १५ रुपयांप्रमाणे ४० मार्कर. बिल झालं ३,४०० रुपये. सादिलमध्ये, म्हणजे शाळेला किरकोळ खर्चासाठी मिळणाऱ्या पैशांत, एवढं बसेना, म्हणून १,५०० लोकसहभागातून मिळवले आणि बाकीचे माझ्या पर्समधून गेले. स्वतःचे पैसे गेले की माणूस वस्तूकडे जरा जास्तच निरखून बघतो. सहा महिने बघितलं, आता लिहिते.

माझा वर्ग पंचवटीतला, सहावीचा, पट ३८. (कायद्याने सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे १ शिक्षक, तेव्हा वरची ३ मला बोनस.) कोणाचे वडील सातपूरला कारखान्यात, कोणाची आई गोदाघाटावर भाजी घेऊन बसते, कोणाचं घर द्राक्षांच्या हंगामात बागेवरच असतं. घरी बोलायला मराठी, हिंदी, अहिराणी. एक मुलगी श्रवणयंत्र लावते. एका मुलाला चष्मा लावूनही फळ्यावरचं नीट दिसत नाही. शिवाय पाच-सहा जण असे, की त्यांना येतं का नाही हे मला जूनपासून मार्चपर्यंत कळतच नाही. तोंड उघडतील तर शप्पथ. बोर्ड घेतले ते खरं तर या पाच-सहांसाठी.

आधी मी हात वर करायला सांगायची. हात वर होणारे चार, रोज तेच. मग एका प्रशिक्षणातून ऐकून आइस्क्रीमच्या काड्यांवर नावं लिहिली आणि डब्यातून काडी काढून ज्याचं नाव येईल त्याला विचारायला लागले. त्याने झालं काय, तर गणिताच्या तासाला दोघींच्या पोटात दुखायला लागलं. काडी खुळखुळली की रंग उडायचा त्यांचा. तो डबा आता माझ्या कपाटात आहे, त्यात टाचण्या ठेवते.

बोर्डांचा पहिला खरा दिवस जुलैतला, दशांश अपूर्णांकांचा. प्रश्न साधा टाकला: ०.५ आणि ०.३५, मोठी संख्या कोणती? एरवी मी हा प्रश्न विचारला असता, चौघांपैकी एकाने "०.५" म्हटलं असतं, मी "शाब्बास" म्हणून पुढचं उदाहरण घेतलं असतं. या वेळी नियम असा, की लिहायचं, बोर्ड छातीशी उलटा धरायचा आणि मी "तीन, दोन, एक, दाखवा" म्हटलं की सगळ्यांनी एकदम फिरवायचा. फिरवले. ३८पैकी २३ बोर्डांवर ०.३५. मी तशीच उभी राहिले. पाचापेक्षा पस्तीस मोठे, एवढाच त्यांचा हिशोब. गेली कित्येक वर्षं हा धडा मी "झाला" म्हणून पुढे गेलेय, आणि प्रत्येक वर्गात असे २०-२२ जण मागे सोडलेत, हे मला त्या सेकंदाला कळलं. ३,४०० रुपये वसूल झाले असतील तर तिथेच.

बरोबर कोण, चूक कोण, काही बोलले नाही. शेजाऱ्याला समजावून सांगा आणि वाटलं तर उत्तर बदला, एवढंच म्हटलं. आधी एकट्याने विचार, मग जोडीत, मग वर्गात, ही रीत फ्रँक लायमन नावाच्या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९८१मध्ये मांडली. आम्हाला ती प्रशिक्षणात दर वर्षी नव्याने सांगतात. पण हातात पुसता येणारी पाटी असली की तिला वेगळाच जोर येतो. वहीतलं चुकलेलं उत्तर खोडावं लागतं, खाडाखोड दिसते, लाल शाई दिसते. इथे मनगट एकदा फिरलं की चूक गायब.

तिसऱ्या बाकावरच्या, वर्षभरात माझ्याशी चार वाक्यं बोललेल्या मुलीने बोर्डावर संख्या बदललीच नव्हती. खाली काटा काढला होता, इलेक्ट्रॉनिक. त्यावर ०.५०० आणि शेजारी दुसऱ्या काट्यावर ०.३५०. बुधवारच्या बाजारात आईसोबत बसते ती. अर्धा किलो गवार आणि साडेतीनशे ग्रॅम गवार यात जास्त कोणती, हे तिला कोणी शिकवायची गरजच नव्हती. तिच्या बोर्डाचा फोटो काढून मी तो मोठ्या पडद्यावर लावला. ती काही बोलली नाही, पण त्यानंतर महिनाभर तिचा बोर्ड सगळ्यात आधी तयार असायचा.

आणखी एक, थांबायचं. मेरी बड रो या संशोधिकेने १९७०च्या दशकात दाखवून दिलं, की शिक्षक प्रश्न विचारून साधारण १ सेकंद थांबतात, आणि ३ सेकंद थांबले तर जास्त मुलं बोलतात, मोठी उत्तरं देतात. मला हे बी.एड.पासून पाठ आहे आणि कधी जमलं नाही. वर्गातली शांतता अंगावर येते हो. बोर्डांमुळे आपोआप जमलं, कारण ३८ मार्करची करकर चालू असताना मला बोलायला वावच नसतो.

मराठीच्या तासालाही वापरले. "आईबद्दल एक ओळ" म्हटल्यावर एकाने "मनी माय" अशी सुरुवात करून ओळ अहिराणीत लिहिली, वहीत त्याने तसं कधीच लिहिलं नसतं. वर्गात अहिराणी कळणारे सात जण निघाले, मलाही तेव्हाच कळलं.

श्रवणयंत्रवाल्या मुलीमुळे माझी एक वाईट खोड सापडली. मी फळ्याकडे तोंड करून, लिहिता लिहिता बोलते. म्हणजे तिला ना ओठ दिसत, ना आवाज नीट पोचत. आता सूचना मी एका छोट्या बोर्डावर लिहून हनुवटीखाली धरते आणि वर्गाकडे बघून बोलते. लिहिलेलं आणि ओठ, दोन्ही एकाच जागी. सोप्पं आहे, पण १४ वर्षांत सुचलं नव्हतं.

आता तक्रारी. पहिली मार्करची. ४०पैकी २६ गणपतीपर्यंत कोरडे पडले. दुकानदार म्हणाला, "मॅडम, पोरांनी टोपण लावलं नसेल." काहींनी नसेल लावलं, मान्य. पण न उघडलेल्या पाकिटातलेही चार कोरडेच निघाले, त्याचं काय? ते बदलून दिले नाहीत. मी नंतर जरा महाग, शाई भरता येणारे मार्कर घेतले, तेही दोघांत एक. मार्कर आडवे ठेवायचे, उभे नाही, हेही चुकत चुकत शिकले. दोन बोर्ड मुळातच वाकडे होते, ते मात्र त्याने मुकाट्याने बदलून दिले.

दुसरी तक्रार पांढऱ्या थराची. स्वस्तातला आहे, ताजं लिहिलेलं पुसलं जातं, पण रात्रभर राहिलं की डाग धरतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी एकाने बोर्डावर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढली, पाटीपूजनाला काढतात तशी. चांगली काढली होती म्हणून मीच पुसू दिली नाही. सुट्टीनंतर पुसायला गेलो तर ती जाईना. अजून पुसट दिसते, भागाकाराच्या मागून. डागावर नव्या मार्करने गिरवून लगेच पुसलं की बरंच निघतं, ही युक्ती मला नंतर कळली, पण त्या बोर्डावर ती करायला पोरगं तयार नाही. पुसायला जुने सुती मोजे आणायला सांगा, डस्टरचे वेगळे पैसे घालवू नका. नाही सांगितलं तर शर्टाची बाही आहेच. दोन आयांनी काळ्या बाह्या दाखवायला शाळेत चकरा मारल्या. (आमच्या वेळी थुंकीने पाटी पुसली म्हणून मार बसायचा. त्या मानाने बरं.)

तिसरी, वास. डिसेंबरात नाशिकची थंडी म्हणजे सकाळच्या शाळेत खिडक्या बंद. बंद खोलीत मार्करचा वास डोक्यात जातो. आता सलग दहा मिनिटांच्या वर वापरत नाही.

आणि जी गोष्ट विकत घेताना कोणीच सांगितली नव्हती ती चौथी. कमी दिसणाऱ्या मुलाला हा बोर्ड अजिबात चालला नाही. त्याची जागा खिडकीजवळ, चकचकीत पांढऱ्यावर उजेड पडला की त्याला नुसती चमक दिसायची. आठवडाभर तो रिकामा बोर्ड दाखवत होता आणि मला वाटत होतं अभ्यास केला नाही. शेवटी त्याच्या आजीने घरातली जुनी दगडी पाटी पाठवली. काळ्यावर पांढऱ्या खडूने जाड लिहिलेलं त्याला व्यवस्थित दिसतं. "दाखवा" म्हटलं की ३७ पांढरे आणि १ काळी.

पाचपैकी साडेतीन देईन. कल्पनेला पाच, मालाला दोन. ४० नग घ्यायची गरज नाही, दोघांत एक पुरतो. तेवढेही पैसे नसतील तर झेरॉक्सवाल्याकडून जाड कोरा कागद लॅमिनेट करून आणा. मी नमुन्याला एक केला, २० रुपये पडले. वाकतो, पण माझ्या बोर्डापेक्षा साफ पुसला जातो.

सध्या वर्गात आणखी चौघांनी घरून दगडी पाट्या आणल्यात. डोळे चांगले आहेत चौघांचे. खडूचा आवाज आवडतो म्हणे.