ड्रेसाज की जंपिंग? सोलापुरातून ठरवताना

पोरीला घोड्यावर दुडकी जमली, दौड जमली, आता ती स्पर्धेत उतरायचं म्हणते. ड्रेसाज (घोड्याकडून ठरलेल्या हालचाली शिस्तीत करून घेणं) की शो जंपिंग (अडथळ्यांवरून उड्या), हा प्रश्न घरात इथेच येतो. सोलापुरातून दोन्हींसाठी पुण्या-मुंबईच्या फेऱ्या ठरलेल्याच, तेव्हा अंतराचा मुद्दा बाजूला ठेवा.

जंपिंगचा हिशोब साधा. अडथळ्याची दांडी पडली की चार दंडगुण, वेळ चुकली की आणखी. निकाल कट्ट्यावरच्या आजोबांनाही कळतो. ड्रेसाजमध्ये २० बाय ६० मीटरचं मैदान, कडेला जागा दाखवणारी अक्षरं, प्रत्येक हालचालीला शून्य ते दहा गुण. स्वार आत येतो, मधोमध थांबतो, पंचांना सलाम करतो. एवढंच दिसतं, पण घोड्याचा मागचा एक पाय थोडा जरी मागे राहिला तरी गुण गेले. इशारा द्यायचा तो बैठकीने आणि पोटरीच्या हलक्या दाबाने. हात हलताना दिसला तर शोभा गेली. वरातीतला नाचरा घोडा डोळ्यासमोर असेल तर तो विसरा. इथे घोड्याने तोंड उघडलं, चिडून शेपटी आपटली तरी गुण कापतात आणि तोंडात ताजं रक्त दिसलं की थेट बाद.

वयाच्या बाबतीत ड्रेसाज उदार आहे. जपानचे हिरोशी होकेत्सु २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ७१ व्या वर्षी उतरले होते. पण फळ उशिरा मिळतं. आंतरराष्ट्रीय ग्रां प्रीसाठी, म्हणजे ड्रेसाजच्या सर्वात वरच्या पातळीसाठी, घोडाच किमान आठ वर्षांचा लागतो आणि पियाफसारखी जागच्या जागी दुडकी शिकवण्यात वर्षं जातात. जंपिंगमध्ये कमी उंचीच्या गटात मुलं लवकर बक्षिसं आणतात. उतावळ्या पोरांना (आणि त्यांच्या बापांना) तेच बरं.

पैशाचं मात्र स्पष्टच बोलायला हवं. २०२३मध्ये हांगझोऊ एशियाडला सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंह, हृदय छेडा आणि अनुष अगरवाला यांनी ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण आणलं. घोडेस्वारीत भारताला ४१ वर्षांनी सुवर्ण मिळालं. अनुषने वैयक्तिक कांस्यही घेतलं आणि २०२४ला पॅरिस ऑलिंपिकच्या ड्रेसाजमध्ये उतरणारा तो पहिला भारतीय ठरला. बातम्यांत हे सगळं आलं. पण चौघांची तयारी युरोपात झाली, घोडेही तिथलेच. म्हणजे घोडा, तबेला, प्रशिक्षक, सगळा खर्च युरोत. दुकानाच्या किंवा नोकरीच्या कमाईवर हे झेपत नाही, प्रायोजक हवाच. वरच्या पातळीवर जंपिंगही महागच, पण देशातल्या स्पर्धांपुरतं ते आटोक्यात राहतं. रेसमधून निवृत्त झालेला थरोब्रेड जातीचा घोडा चांगल्या हातात नीट उडी मारतो. ड्रेसाजच्या वरच्या गटात मात्र लांब, लवचीक दुडकीचा वॉर्मब्लड जातीचा युरोपीय घोडा भारी पडतो.

माझं मत विचाराल तर पहिली दोन वर्षं ड्रेसाजचाच पाया घाला. तो वाया जात नाही. जंपिंगमध्ये दोन अडथळ्यांमधला घोडा त्यावरच ताब्यात राहतो. इव्हेंटिंगची (ड्रेसाज, क्रॉस-कंट्री आणि जंपिंग अशा तिन्हींची एकत्र स्पर्धा) तर सुरुवातच ड्रेसाजने होते. भारताच्या फवाद मिर्झाने २०१८च्या एशियाडला त्याच प्रकारात दोन रौप्यं मिळवली. नंतर पोरीकडे बघा. सकाळभर एकच वीस मीटरचं वर्तुळ घालूनही ती हसत उतरत असेल तर ड्रेसाज. दहा मिनिटांत दांडीकडे बघायला लागली तर जंपिंग, उगाच ओढाताण नको.

आणि अकलूजच्या बाजारातून घोडा आणायची घाई करू नका. तिथे रेवाल चालीचं मोल मोठं. स्वाराला गचका बसत नाही, लांबच्या पल्ल्याला झकास. पण रेवाल चालताना घोडा एका बाजूचे दोन्ही पाय बरोबरीने टाकतो आणि ड्रेसाजच्या दुडकीत तिरप्या जोडीचे पाय एकत्र पडावे लागतात. ती सवय मोडता मोडत नाही. सुरुवातीला क्लबचाच घोडा वापरा. पुढे घ्यायचाच झाला तर प्रशिक्षकाला सोबत न्या, घोडा मोकळा सोडून दुडकी बघा आणि पैसे देण्याआधी पशुवैद्याकडून पायांचे एक्स-रे काढून घ्या.