'द सोशल नेटवर्क' की 'पायरेट्स ऑफ सिलिकॉन व्हॅली': आधी कोणता पाहाल?

मित्राला भागीदार घेऊन कंपनी काढायचं मनात असेल, तर आधी फेसबुकच्या जन्माची गोष्ट सांगणारा 'द सोशल नेटवर्क' (२०१०) पाहा. संगणक घरोघरी कसा पोचला आणि त्यात कुणी कुणाचं काय उचललं हे हवं असेल, तर 'पायरेट्स ऑफ सिलिकॉन व्हॅली' (१९९९). सिनेमा म्हणून पहिला कितीतरी सरस. डेव्हिड फिंचरचं दिग्दर्शन, ॲरन सॉर्किनची पटकथा. रूपांतरित पटकथा, संकलन आणि संगीत अशी तीन ऑस्कर. दुसरा टीव्हीसाठी केलेला, साधारण दीड तासाचा.

'सोशल नेटवर्क'मध्ये फेसबुकचा संस्थापक मार्क झुकरबर्ग याच्यावरच्या दोन वेगळ्या दाव्यांतल्या जबान्या एकमेकींत गुंफल्या आहेत, आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याची गल्लत तिथेच होते. फिर्यादी म्हणून त्याच्याच कॉलेजातले विंकलवॉस जुळे भाऊ आणि दिव्य नरेंद्र बसले असतील, तर भांडण कल्पनेच्या मालकीचं. झुकरबर्गचा मित्र आणि भागीदार एडुआर्डो सॅव्हरिन असेल, तर शेअरचं. पहिल्या प्रसंगापासून संवाद झरझर येतात, त्यामुळे सबटायटल चालू ठेवा.

सॅव्हरिन सुरुवातीला १,००० डॉलर घालतो, ३० टक्के ठरतात, आणि शेवटी सिनेमात त्याच्या हातात ०.०३ टक्के उरतात. हे कसं घडतं ते सिनेमा नीट उलगडत नाही, म्हणून हिशेब आधीच समजून घ्यावा. १०० पैकी ३० शेअर तुमचे आहेत. कंपनीनं आणखी ९०० काढून इतरांना दिले, की तुमचे ३० तसेच राहतात, पण १,००० मधले ३० म्हणजे ३ टक्केच. कुणी काही हिसकावून घेत नाही. कागदांवर सॅव्हरिननं स्वतःच सह्या केलेल्या असतात, आणि म्हणूनच तो प्रसंग इतका झोंबतो.

झुकरबर्गच्या हेतूबाबत मात्र या सिनेमावर विसंबू नका. सुरुवातीलाच त्याला सोडून जाणारी मैत्रीण एरिका हे पात्र काल्पनिक आहे. २००३ चं फेसमॅश (विद्यार्थिनींच्या फोटोंची तुलना करायला लावणारी त्याची साइट) प्रकरण आणि जुळ्यांशी २००८ मध्ये झालेली साडेसहा कोटी डॉलरची तडजोड मात्र खरी.

'पायरेट्स'मध्ये ॲपलचा जॉब्स आणि मायक्रोसॉफ्टचा गेट्स यांच्या वाटा समांतर चालतात. जॉब्सचा भागीदार वॉझनियाक आणि गेट्सचा सहकारी बामर अधूनमधून थेट प्रेक्षकांशी बोलतात, त्यामुळे तंत्राची माहिती नसली तरी अडत नाही. ५०,००० डॉलरला विकत घेतलेल्या डॉसवर (संगणक चालवणारी मूळ प्रणाली) मायक्रोसॉफ्ट कशी उभी राहिली, हे इथे फार छान कळतं. कच्चा भाग झेरॉक्स कंपनीचा. ॲपलनं तिथून माऊस आणि संगणकाच्या पडद्यावरच्या खिडक्यांची कल्पना लुटली, असा ठसा उमटतो. प्रत्यक्षात १९७९ मध्ये झेरॉक्सला बाजारात येण्यापूर्वीचे ॲपलचे शेअर घ्यायला मिळाले होते, आणि त्याच व्यवहारातून झेरॉक्सच्या प्रयोगशाळेची दारं ॲपलला उघडली. शिवाय चित्रण जुन्या टीव्हीच्या वळणाचं आहे. मोठ्या पडद्यावर लावायचा हट्ट नको.

२०१५ चा 'स्टीव्ह जॉब्स' या निवडीत धरू नका. तो १९८४, १९८८ आणि १९९८ च्या तीन नव्या संगणकांच्या अनावरणांभोवती फिरतो. कंपनी कशी जन्मली, हे त्यात ओझरतंच येतं.