पाच हजार द्यायचेत : वाडीच्या यादीत, लिंकवर की पावतीवर?

मदतीला पाच हजार बाजूला काढलेत, पण कुठे द्यायचे ते ठरत नाही, अशांसाठी हे लिहितोय. वाडीची यादी, ऑनलाइन मदतीची लिंक की संस्थेची पावती, यातल्या कुठेच कुणी निव्वळ दयेपोटी देत नाही, एवढं आधीच कबूल करून टाकू.

वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यादी फिरते. कुणाचं तरी बायपासचं ऑपरेशन. पहिल्या नंबरला मंडळाचे अध्यक्ष, २,००१. मग जो तो यादी कॉपी करून खाली आपलं नाव लावतो. दोघांनी एकदमच कॉपी केली की एकाचं नाव उडतं, आणि शिमग्यापर्यंत पुरेल एवढा रुसवा तयार होतो. ठाण्याच्या पुतण्याने हजार लिहिले की डोंबिवलीचे काका अकराशे लिहिणार. ईर्ष्या म्हणा, लाज म्हणा, पण तीच लाज खजिनदारालाही असते. पालखी अंगणात आली की हिशेब विचारणारा कुणीतरी निघतोच. शिवाय माणूस खरंच आजारी आहे का, हे तपासावं लागत नाही. त्याच्या घरी काल पेज कुणी पोचवली तेही ग्रुपला ठाऊक असतं. खोट एकच, पण मोठी. ज्याचा वाडीशी बांधावरून वाद चाललाय, त्याची यादी चौथ्या नावावर अडते.

अशा माणसाला लिंकच तारते. अनोळखी लोक देतात, कारण फोटोत नळ्या लावलेलं बाळ असतं. एका चेहऱ्यासाठी हात खिशात जातो, हजारांच्या आकड्यासाठी जात नाही. देणाऱ्याला दिल्यावर जी ऊब वाटते, तिला अर्थशास्त्रज्ञ जेम्स आंद्रेओनी यांनी १९९० मध्ये 'वॉर्म ग्लो' म्हटलं. त्या उबेत डोळे मिटू नका. पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात जाणार आहेत का ते बघा. लिंक चालवणाऱ्या साइटने स्वतःसाठी 'टिप' आधीच धरलेली असेल तर शून्य करा. नुसता क्यूआर कोड फॉरवर्ड होऊन आला असेल तर पिन टाकण्याआधी स्क्रीनवरचं नाव वाचा.

नोंदणीकृत संस्थेकडे ऊब कमी, कागद जास्त. देणगीवरची आयकर सवलत जुन्या करपद्धतीतच मिळते, दोन हजारांवर रोख दिलेत तर तीही नाही. केवळ करासाठी देणाऱ्याला नाकं मुरडणारे असतात. मी नाही मुरडत, संस्थेचं वीजबिल त्याच पैशातून भागतं.

पुराच्या वेळी मात्र संस्थाच बरी. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी चिपळुणात शिरली. पाणी ओसरल्यावर हवे होते फावडे, घमेली, झाडू. येत होते जुन्या कपड्यांचे गठ्ठे आणि मोबाइल उभा धरलेली मंडळी. एका आजीने तांदळाची पिशवी घेतली आणि पदर तोंडावर ओढला. "आजी, जरा इकडे बघा," असं दोनदा सांगून झालं. गणपतीनंतर दुकानदारांना फळ्या, फ्रीज, माल हवा होता, तेव्हा रील काढणारं कुणी फिरकलं नाही.

तेव्हा वाडीतलं आजारपण असेल तर यादी, एकटा पडलेला असेल तर तपासून लिंक, आणि पुराचे पैसे दोन महिने थांबून संस्थेला.

गेल्या खेपेला मी तीन हजार यादीत टाकले, दोन हजार संस्थेला. यादीत सातवा होतो. नाव उडालं नाही ना, म्हणून रात्री दोनदा बघितलं.