बंद पडलेल्या केंद्रांची यादी मागा

नोकरी गेली तेव्हा कंपनीने हिशेब चुकता करून एकरकमी पैसे हातात ठेवले. पैसे बँकेत पडून आणि मी घरात. भेटेल तो विचारायचा, "मग आता काय करतेस?" त्या प्रश्नाला उत्तर हवं होतं म्हणून मी फ्रँचायझी घेतली, म्हणजे पैसे भरून दुसऱ्या कंपनीच्या नावाने केंद्र चालवायचा हक्क घेतला; धंदा समजला म्हणून नाही. विकणाऱ्याला हे पहिल्याच भेटीत कळलं होतं. नावगाव विचारून झाल्यावर त्याने लगेच विचारलं, "मॅडम, फायनल सेटलमेंट जमा झालं का?"

लहान मुलांच्या शिकवणीचं केंद्र होतं. त्याने लॅपटॉपवर तक्ता उघडला. पहिल्या महिन्यात 20 मुलं, सहाव्यात 60, वर्षभरात गुंतवणूक वसूल. शेवटची ओळ हिरवी रंगवलेली होती आणि मी तीच बघत बसले. "20 च्या जागी 8 टाकून दाखवा," एवढंच म्हणायला हवं होतं. माझ्याकडे पहिल्या महिन्यात सातच मुलं आली.

चौकशी केली नाही असं नाही. दोन केंद्रचालकांना फोन केले, दोघांनीही "उत्तम चाललंय" म्हटलं. नंबर त्यानेच दिलेले. पुढे कळलं की त्यातला एक जण कमिशनवर नवी केंद्रं विकून देत होता.

"रविवारपर्यंत टोकन भरा, नाहीतर एरिया दुसऱ्याला जाईल." शनिवारी भरलं.

मला सर्वात महाग पडला तो हिशेब असा. रॉयल्टी, म्हणजे नाव वापरल्याबद्दल फ्रँचायझी कंपनीला द्यायचा हिस्सा, सहसा नफ्यावर नसते, जमा झालेल्या फीवर असते. तोटा झाला तरी द्यावीच लागते. माझ्या बऱ्या महिन्यात शंभर रुपये जमले तर 8 रॉयल्टीत, 2 जाहिरात निधीत, 40 भाड्यात, 35 शिक्षिकांच्या पगारात आणि 20 पुस्तकांच्या संचात जायचे. झाले 105, आणि त्यात माझी मेहनत धरलेलीच नाही. संच कंपनीकडूनच घ्यायचा, तोही दर तिमाहीला ठरलेल्या किमान संख्येत, मुलं असोत वा नसोत. केंद्राच्या मागच्या खोलीत न उघडलेले खोके छातीइतके उंच रचले होते. कंपनीला माझ्या केंद्रातली मुलं वाढण्याची गरजच नव्हती. तिची मुख्य कमाई केंद्र घेताना आमच्याकडून घेतलेलं शुल्क आणि त्या खोक्यांवर होती. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी सही केली नसती.

तीन किलोमीटरच्या आत दुसरं केंद्र देणार नाही, असा शब्द मिळाला होता. आठव्या महिन्यात दोन चौक सोडून पाटी लागली. करार घेऊन वकिलांकडे गेले. त्यांनी शेवटून दुसऱ्या पानावरच्या एका कलमावर बोट ठेवलं: या करारात लिहिलं आहे तेवढंच खरं, त्याआधीचं तोंडी बोलणं किंवा पत्रव्यवहार ग्राह्य नाही. शुल्क परत मिळणार नव्हतं. मुदत पाच वर्षांची होती, शिवाय जागेचा भाडेकरार माझ्या नावावर. वकिलांची फी सहीआधी जड वाटली होती; ती त्यातल्या एका खोक्याएवढीही नव्हती.

त्यांच्याकडूनच कळलं की अमेरिकेत फ्रँचायझी विकणाऱ्याला सही किंवा पैसे घेण्याच्या किमान 14 दिवस आधी खुलाशाचं कागदपत्र द्यावंच लागतं. त्यात चालू केंद्रांबरोबरच गेल्या आर्थिक वर्षात सोडून गेलेल्यांची नावं आणि संपर्कही असतात. तुमच्याकडे असा कायदा असो वा नसो, ही यादी तोंडाने मागता येते. द्यायला टाळाटाळ झाली, तर टोकन भरू नका. यादी मिळाली, तर सोडून गेलेल्यांना आधी फोन करा आणि विचारा, घरी नेण्यासारखा पहिला पैसा कितव्या महिन्यात सुटला? तोवर घर कशावर चाललं?

केंद्र बंद केल्यावर मी कंपनीला लिहिलं, की नव्याने चौकशी करणाऱ्यांना माझा नंबर द्या, मी खरं ते सांगेन. उत्तर आलं, की आम्ही फक्त चालू केंद्रांचेच नंबर देतो.