सिलिकॉन क्लिपच्या नावाखाली ३,१९,४०० रुपयांना गंडवलं

३ लाख १९ हजार ४०० रुपये गेले. दांडिया बाजारातल्या नातेवाइकांनाही सांगितलं नव्हतं, लाज वाटत होती. पण ज्याने खोट्या चिपा देऊन ते घेतले तोच माणूस आता वाघोडियाकडच्या एका युनिटला कोटेशन देतोय असं कळलं आणि डोकं फिरलं, म्हणून लिहितोय.

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, आम्ही फायबर सेन्सर जोडतो. फायबर म्हणजे प्रकाश वाहून नेणारा काचेचा बारीक धागा. दोन फायबर समोरासमोर बसवायला क्लिपसारखी पकडणारी सिलिकॉनची चिप हवी होती: व्ही आकाराची खाच आणि तिच्यावर सिलिकॉन नायट्राइडच्या लवचिक पट्ट्या. फायबर वरून दाबला की पट्ट्या वाकतात, तो आत बसला की मागे येऊन त्याला खाचेत दाबून धरतात. सिंगल-मोड फायबर १२५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा, पण उजेड वाहणारा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा. पाच मायक्रॉन इकडेतिकडे झालं की निम्म्याहून जास्त प्रकाश वाया जातो. खाच एक मायक्रॉन रुंद झाली तर फायबर ०.७ मायक्रॉन खाली उतरतो. हे काम कानशीने घासून होत नाही.

त्या माणसाने दिलेल्या नमुन्याच्या चिपा अव्वल होत्या. फायबर बसला की हलत नव्हता. त्या कुठून आणल्या देव जाणे, पण त्याने बनवलेल्या नव्हत्या, हे आता नक्की. २०० चिपा, दर १,१५० रुपये, जीएसटी धरून २,७१,४०० रुपये. त्यातले ६० टक्के आगाऊ, १,६२,८४० रुपये. मास्कचे, म्हणजे चिपवर नक्षी उमटवायच्या साच्याचे, ४८,००० वेगळे, बिल न देता, तेही एका व्यक्तीच्या बचत खात्यात. बिलाशिवाय मास्कचे पैसे कुणालाही देऊ नका.

मग ‘तुमची बॅच तयार’ म्हणून व्हॉट्सअॅपवर फोटो आला. त्यात खाचेच्या भिंती उभ्या होत्या, तळ गोल होता. हा फोटो मी आजही रात्री उघडून बघतो आणि जळतो. रसायनाने कोरलेल्या अशा व्ही खाचेच्या भिंती ५४.७ अंशांनी तिरक्याच येतात, स्फटिकाची ठेवणच तशी असते. उभ्या भिंती म्हणजे खाच करवतीच्या पात्याने पाडलेली. आणि पट्ट्या अधांतरी राहतात त्या खालचं सिलिकॉन रसायनाने पोखरलं जातं म्हणूनच. वरून पातं फिरवलं तर पट्ट्या शिल्लक राहतीलच कशा? सगळं समोर होतं, तरी उरलेले १,०८,५६० रुपये गेले.

‘एवढं कळत होतं तर पैसे का दिलेस?’ असं विचारणाऱ्यांना सांगतो: फोटो पुसट होता, नमुना खरा होता, आणि ग्राहक रोज फोन करून डोकं खात होता. धंद्यात कुणावर तरी विश्वास ठेवावाच लागतो. फसवणारा तो आहे, मी नाही.

पार्सलमध्ये पात्याने चिरलेले सिलिकॉनचे तुकडे निघाले, वर प्लॅस्टिकची फिल्म चिकटवलेली. फायबर खाचेत डुगडुगत होता.

पोलीस ठाण्यात साहेबांनी चिप बोटावर घेतली आणि म्हणाले, “या कचकड्याचे तीन लाख? हा दिवाणी वाद आहे, वकील करा.” कसला दिवाणी? सुरुवातीपासूनच फसवायचं ठरवून पैसे घेतले तर तो गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ त्यासाठीच आहे. अर्ज घेतला, पोच द्यायला मात्र खळखळ. बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवलेत. वकील म्हणतात, माल धंद्यासाठी घेतलाय, ग्राहक आयोगात टिकणं कठीण. लहान उद्योगांचं सरकारी पोर्टल आहे, तर ते विकणाऱ्याची थकलेली बिलं वसूल करायला. विकत घेऊन नागवला गेलेल्याने कुठे जायचं? कर आम्ही भरायचा, कामगारांचे पगार आम्ही करायचे, आणि ठाण्यात बाकावर ताटकळायचंही आम्हीच!

ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच तासाला सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन करा, मालाची वाट बघत बसू नका. मास्कच्या आराखड्यात कोपऱ्यात आपली आद्याक्षरं टाकायला सांगा आणि नमुन्यावर ती सूक्ष्मदर्शकाखाली वाचा, दुसऱ्याची चिप तुमची म्हणून खपवता येणार नाही. आराखड्याची फाइल आधी ताब्यात घ्या. नवा मास्क असूनही आठवड्याभरात माल देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. आयआयटी मुंबई, बेंगळुरूची आयआयएससी (भारतीय विज्ञान संस्था) इथे अशा चिपा बनवणाऱ्या खऱ्या फॅब्रिकेशन प्रयोगशाळा आहेत, निदान तिथल्या कुणाला तरी फोटो दाखवून घ्या.

उभ्या भिंतींचा तो फोटो ज्यांना आला असेल त्यांनी पैसे देऊ नका. देऊन बसला असाल तर लेखी तक्रार करा आणि पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका. दुसरी तक्रार आली की माझा अर्जही पुन्हा उघडायला लावणार आहे.