गावी एकदा महिनाभर, की दोनदा दहा-दहा दिवस?

जर्मनीत नोकरी करणाऱ्या कोल्हापूरकराला रजा टाकताना दरवर्षी हाच पेच पडतो. तिकिटांचे दर तुम्ही पाहिलेच असतील, त्यात शिरत नाही. मी दोन्ही करून पाहिलंय.

दोन फेऱ्यांची बाजू लंगडी नाही. आश्विनात अंबाबाईचं नवरात्र, चैत्रात जोतिबाची यात्रा, दोन्ही साधतात. आई-वडील थकलेले असतील तर त्यांची गाठ लवकर पडते. ऑफिसातही कुणी कुरकुर करत नाही.

मला नडला तो एकच प्रश्न. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं सकाळी घरी पोचावं, बॅगा अजून दारातच, आणि शेजारचे काका विचारणार, "कवा आलास? जाणार कवा?" जायची तारीख कळली की लोक तुम्हाला वाटून घेतात. दुपारी आत्याकडं, रात्री मामाकडं, सगळीकडं तांबडा-पांढरा, सगळीकडं "एवढंच खाल्लंस?" आणि डोळा घड्याळावर, कारण पुढच्या घरी ताटं वाढलेली. भेटी सगळ्या होतात, बोलणं कुणाशीच होत नाही.

महिनाभर राहिलं की दोनेक आठवड्यांत पाहुणचार ओसरतो. आत्या आमटी-भाकरी वाढते, भाऊ गाडीची किल्ली टाकून "जा, दळण घेऊन ये" म्हणतो. बाबांबरोबर गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला रोज जायला लागलो, तेव्हा कुठं एकदा ग्लास रिकामा करता करता त्यांनी गुडघ्याचं काढलं. फोनवर कायम "बरं हाय" असायचं.

गंमत म्हणजे असं निवांत बसायला मी शिकलो तिकडं जर्मनीतच. रविवारी दुकानं बंद, भिंतीला ड्रिल मारायचीही चोरी. सुरुवातीला जीव नकोसा व्हायचा. पण तिथली माणसं त्या दिवशी फिरायला जातात, नाहीतर कॉफी-केक घेऊन तास-तास गप्पा मारतात. तिथला 1963 चा रजेचा कायदासुद्धा म्हणतो की वर्षातून एकदा तरी सलग दोन आठवडे सुट्टी मिळावी. साहेबाशी बोलताना हे कलम उपयोगी पडतं.

अर्थात ज्याचं त्याचं घर वेगळं. घरी आजारपण असेल तर दोनदाच या, महिन्याच्या नादी लागू नका. एकटे-दुकटे असाल तर घटस्थापना ते भाऊबीज हा महिना धरा. मुलं तिकडं शाळेत असतील तर मधेच खाडा चालत नाही. उरते सहा आठवड्यांची उन्हाळी सुट्टी, म्हणजे बहुतेक ठिकाणी आपला ऐन पावसाळा. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांची इशारा पातळी गाठतंय का, यावर घरात चर्चा चाललेली असते, बाहेर पडायची सोय नसते. माझं मत विचाराल तर तरीही महिनाभराचंच तिकीट काढा. पुरात जेवायला बोलवायला कुणी येत नाही.