उन्हाळ्यातल्या लांब राइडसाठी मेडिकलमधलं इलेक्ट्रॉल

मार्चपासून पुढे दोन तासांहून मोठी राइड असली की माझ्या सायकलच्या एका बाटलीत साधं पाणी असतं आणि दुसरीत इलेक्ट्रॉल, म्हणजे पाण्यात कालवायची ओआरएसची (क्षार-साखरेची) पाकिटातली पावडर. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्या, खायची एनर्जी जेल, स्पोर्ट्स ड्रिंकच्या महागड्या पावडरी, सगळं वापरून पाहिलं. त्यातलं काही चांगलंही आहे. पण नाशिकच्या एप्रिलमध्ये, मला जेवढा घाम येतो तेवढ्यात, या पाकिटाइतकं दुसरं काही उपयोगी पडलेलं नाही.

माझी कसोटी सप्तशृंगी गडाची. दिंडोरी, वणी, नांदुरी आणि मग घाट. नांदुरीला पोचेपर्यंत ऊन चांगलं चढलेलं असतं आणि खरी चढाई तिथूनच सुरू होते. तोवर काळ्या जर्सीच्या पाठीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटलेल्या असतात. अशा रेघा ज्यांना दिसतात त्यांच्या अंगातून मीठ बरंच जातं, आणि त्यांनी तासन्तास नुसतं पाणी ढोसत राहणं धोक्याचं असतं. रक्तातलं सोडियम कमी होतं, डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणूस तहान समजून आणखी पाणी पितो. इलेक्ट्रॉल सुरू केल्यापासून घाटात माझं डोकं जड होत नाही आणि वर पोचल्यावर जेवण जातं. मला एवढंच हवं होतं.

मोठं पाकीट २१.८ ग्रॅमचं, एक लिटर पाण्यासाठी. आत डब्ल्यूएचओचं (जागतिक आरोग्य संघटनेचं) सूत्र: मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९. ग्लुकोज इथे गोडीसाठी नाही. आतड्यातून आत शिरताना ते सोडियमला सोबत घेऊन जातं आणि त्यांच्यामागोमाग पाणी जातं. म्हणून प्यायलेलं पाणी पोटात डुचमळत राहत नाही, अंगी लागतं. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोजचं पाणी तोंडाने पाजून असंख्य जीव वाचवले. त्याच विचारातून आलेली ही वस्तू कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये चहा-वड्याच्या पैशात मिळते, याचं मला खरंच अप्रूप वाटतं.

चव? खारट. संत्र्याचा स्वाद असला तरी पहिला घोट खारटच लागतो. घरी खुर्चीत बसून प्यायलं तर आवडणार नाही. घाम निथळत असताना मात्र तेच पाणी गोड लागायला लागतं, आणि तसं लागलं की मी समजते, अंगाला त्याची गरज होती.

आता मिसळण्याचं. सायकलची बाटली बहुतेकांची ७५० मिलीची, पाकीट एक लिटरचं. अख्खं पाकीट त्यात ओतलं तर द्रावण दाट होतं आणि पोट बिघडतं. अर्धं पाकीट अंदाजाने ओतणंही बरोबर नाही, कारण घटक सारखे पडतीलच असं नाही. यावर उपाय ४.४ ग्रॅमची छोटी पाकिटं. एका पाकिटाला २०० मिली पाणी, म्हणजे तीन पाकिटं आणि बाटलीवरच्या ६०० च्या खुणेपर्यंत पाणी. जर्सीच्या खिशात आणखी तीन ठेवायची, वणीत पाणी भरताना कामी येतात. कालवलेलं चोवीस तासांत संपवायचं, उरलं तर ओतून द्यायचं.

आणि हे पेय म्हणजे खाणं नव्हे! इथे बरेच जण फसतात. एका लिटरमधल्या १३.५ ग्रॅम ग्लुकोजमधून पन्नासेक कॅलरी मिळतात. लांब राइडला तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. ती केळ्यातून, राजगिऱ्याच्या वडीतून आणि आपल्याकडच्या बेदाण्यांतून यायला हवीत. मूठभर बेदाणे म्हणजे वीस-पंचवीस ग्रॅम कर्बोदकं, खिशात वितळत नाहीत आणि चढावर धाप लागली असतानाही एकेक चावता येतात. मी नांदुरीला एक केळं खाते, मग घाटात दर दोन-तीन किलोमीटरला चार-चार बेदाणे. तळलेलं काहीही चढाआधी नको. मिसळ परतल्यावर, घरी येऊन, तर्रीसकट.

घेताना पाकिटावरचं वाचून घ्या. मागे एका दुकानात ओआरएस मागितलं तर हातात फळाच्या चवीचा टेट्रापॅक ठेवला होता. त्यात साखर कितीतरी जास्त असते आणि सोडियम कमी. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी याविरुद्ध वर्षानुवर्षं लढा दिला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, डब्ल्यूएचओचं सूत्र न पाळणाऱ्या पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरायला मनाई केली. फार चांगलं झालं. तरी ‘डब्ल्यूएचओ’ हा उल्लेख आणि घटकांचे आकडे पाहूनच घ्या.

आमच्या जाऊबाईंना पाकिटाचा वास सोसत नाही. त्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालतात, वर लिंबू पिळतात. चमचा चहाचा आणि माप काटेकोर असेल तर तेही उत्तम. फक्त त्यात पाकिटाएवढं पोटॅशियम नसतं, म्हणून त्या सोबत केळी जास्त घेतात. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीही घेऊ नये.

तासाभराच्या सकाळच्या फेरीला मी हे नेत नाही, साधं पाणी पुरतं. थंडीत तर पाकिटं कपाटातच असतात. बाटली मात्र घरी आल्याआल्या धुवा. तोंडाचा रबरी भाग काढून गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्याने घासा, नाहीतर दुसऱ्या दिवशी आत बुळबुळीत थर धरतो आणि त्याचा वास पुढची प्रत्येक राइड खराब करतो.